समुपदेशकाकडे जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या

‘याला जरा चार शब्द समजावून सांगा, डॉक्टर,’ असं म्हणून घरचे एकाला आत पाठवतात आणि स्वतः बाहेर बाकड्यावर बसून राहतात. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी कुटुंबांची मानसोपचाराशी पहिली गाठ पडते ती अशीच. यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: बिघाड आहे तो आत गेलेल्या माणसात, आणि त्यावरचा इलाज म्हणजे जाणत्या माणसाने केलेला उपदेश. दोन्ही गृहीतकं चुकीची आहेत आणि त्यांच्यापायी पैसा जातो, वेळ जातो, कधी माणूसही हातचा जातो. चिंता, नैराश्य, व्यसन सुटल्यानंतरचे नाजूक महिने, मुलांचा न आवरणारा राग अशा तक्रारींवर बोलण्यातून होणारे जे उपचार आज पुराव्यानिशी उभे आहेत, त्यांतले बहुतेक सरावावर चालतात. सराव दवाखान्यात होत नाही, घरात होतो. म्हणून घरातलं निदान एक माणूस उपचाराच्या आत असायला हवं, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे. त्याला अपवाद आहेत, तेही पुढे सांगतो.

आधी सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर मिळून काम करणारी पद्धत. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी आपापल्या वाटेने तिचा पाया घातला. मराठी वाचकाला यातला एलिस परका नाही. डॉ. कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्याचा विवेकनिष्ठ मानसोपचार इकडे रुजवला, डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ठाण्यात सुरू झालेल्या आयपीएच या संस्थेने ही विचारपद्धती शिबिरं-व्याख्यानांतून लोकांपर्यंत नेली. या परिचयाचा एक तोटाही झाला आहे. योग्य विचार कळला की काम झालं, असा समज वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांत पसरला. प्रत्यक्षात विचार कळणं हे निम्म्याहून कमी काम. उरलेलं काम वहीत आणि हातापायांनी करायचं असतं.

ते कसं, हे एका पानावर पाहू. समजा, खटाव तालुक्यातला एक मुलगा दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतो आहे आणि आता अंथरुणातून उठेनासा झाला आहे. समुपदेशक त्याला साध्या दोनशे पानी वहीत रकाने आखायला लावतो. काय घडलं: ‘सकाळी सहाला पोरं मैदानावर गेली, मी उठलो नाही.’ मनात काय आलं: ‘यंदाही लेखीत गळणार, मग पळून काय उपयोग?’ अंगात काय झालं: छातीवर दडपण. मग काय केलं: दहापर्यंत मोबाईल. पुढच्या रकान्यात त्या विचाराच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे लिहायचे. विरुद्ध बाजूला असं येतं की मागच्या खेपेला मैदानी चाचणी निघाली होती, गुण गेले ते गणितात. मग जुन्या विचाराच्या जागी ‘मी नक्की भरती होणार’ असं खोटं उसनं अवसान लिहायचं नसतं. लिहायचं ते एवढंच: ‘गणित कच्चं आहे. पळणं आणि गणित ही दोन वेगळी कामं आहेत.’ आणि शेवटी एक लहान, मोजता येणारी कृती: उद्या सव्वासहाला वेशीतल्या मारुतीपर्यंत चालत जाऊन परत यायचं, मन लागो न लागो. मन लागलं की करीन, असं नैराश्यातला माणूस म्हणतो. ही पद्धत त्याला उलट्या टोकाने सुरुवात करायला लावते. करत गेलं की मन हळूहळू मागून येतं. आता याच मुलाच्या घरात सव्वासहाला तो चप्पल घालत असताना वडील ओसरीवरून म्हणतात, ‘काय साहेब, आज उजाडलं वाटतं?’ समुपदेशकाची पाऊण तासाची मेहनत या एका वाक्यात पाण्यात जाते. वडील वाईट नाहीत. त्या पहाटेचं महत्त्व त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, कारण ते बाकड्यावर बसले होते.

‘हे शहरी लोकांचे चोचले, आमच्या गावात चालायचे नाहीत,’ हा पहिला आक्षेप. याचं उत्तर शेजारच्या गोव्यातच आहे. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. आधी या क्षेत्राशी संबंध नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठकी, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. पद्धत मुख्यतः वर लिहिली तीच: दिवस ठरवणं, कृती वाढवणं, अडचणी एकेक करून सोडवणं. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, केंद्रातली नेहमीची सेवा थोडी सुधारून दिलेल्यांपैकी ३९ टक्के. दुसऱ्या बाजूचे ३९ टक्केही लक्षात ठेवावेत, काहींचं दुखणं काळाबरोबर ओसरतं. पण मधला फरक मोठा आहे आणि तो कुठल्या बंगल्यात नाही, सरकारी आरोग्य केंद्रात दिसला आहे.

दुसरं उदाहरण माझ्या मुद्द्याच्या अधिक जवळचं, आणि ते सीमेपलीकडचं आहे. पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गरोदरपणापासून नैराश्यात असलेल्या ९०३ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात गावातल्या आरोग्यसेविकांना, आपल्याकडच्या आशाताईंसारख्याच त्या, सीबीटीवर आधारलेली कामाची पद्धत शिकवली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे बाळ सहा महिन्यांचं होईतो या गटातल्या २३ टक्के आयांमध्ये नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे सेविका तितक्याच वेळा पण या प्रशिक्षणाविना गेल्या, त्या गटात ५३ टक्के. या कार्यक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. सेविका तीन गोष्टींवर बोलायची: आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळ यांचं नातं, आणि आईच्या भोवतीची माणसं. सासूला, नवऱ्याला बाजूला काढलेलं नव्हतं. विचारांवरचं काम, नात्यावरचं काम आणि कुटुंब हे तिन्ही एकाच कार्यक्रमात होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत उचलली. गोव्यातही शेजारणींमार्फत ती करून पाहण्यात आली. तिथे फायदा दिसला, पण माफक. जागा बदलली की आकडे बदलतात, हेही यातून घ्यायचं.

याहून टोकदार आक्षेप असा: माणदेशात पाऊस नाही, जतला कर्ज आहे, लेकराला नोकरी नाही, दुःख परिस्थितीचं, आणि तुम्ही विचार बदलायला सांगता? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण त्याच्या बाजूचाही पुरावा आहे. केनियात गरीब घरांना थेट पैसे देणं आणि एक छोटा मानसोपचार कार्यक्रम देणं यांची तुलना झाली, तेव्हा वर्षभराने पैशांनी माणसांचं बरं केल्याचं दिसलं, मानसोपचाराचा परिणाम दिसला नाही. मात्र तिथे उपचार सरसकट गरिबांना दिला होता, नैराश्याचं निदान झालेल्यांना निवडून नव्हे. गोवा-रावळपिंडीत निवडून दिला होता. यातून मला इतकंच काढता येतं की गरिबीवरचं औषध म्हणून समुपदेशन खपवू नये, आणि नैराश्य आलेल्या कर्जदाराला ‘आधी कर्ज फेड मग बघू’ म्हणून परतही पाठवू नये. ज्याला सकाळी उठवत नाही, त्याला बँकेची पायरीही चढवत नाही.

आता दुसरा धागा, अनुबंधाचा. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी याने मांडलं की लहान मुलाला एखाद्या ठरावीक माणसाच्या आसऱ्याची भूक असते; तो आसरा भरवशाचा असला तर मूल धीटपणे बाहेर जातं, घाबरलं की परत येतं. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने याची पहिली मोठी प्रत्यक्ष पाहणी केली ती १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत, २६ कुटुंबांत. म्हणजे ‘हे गोऱ्यांच्या छोट्या कुटुंबांचं शास्त्र’ हा शेरा पुरता बरोबर नाही. सुरुवातीला सगळा भार आईवर टाकला गेला, ही टीका मात्र योग्यच होती, आणि ती शास्त्राच्या आतूनच झाली. ग्लासगोतल्या ६० बाळांच्या पाहणीत दीड वर्षापर्यंत बहुतेकांचा जीव एकाहून अधिक माणसांत गुंतलेला आढळला. आजी, आत्या, मोठा भाऊ, शेजारची काकी यांनी वाढवलेल्या आपल्या मुलांबाबत यात नवल ते काय?

आपल्या भागाला हा धागा जास्त लागू आहे, कारण आपल्याकडची घरं पोटापाण्यासाठी फाटलेली आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची माणसं सोनं-चांदी गाळायला पार दक्षिणेपासून उत्तरेपर्यंतच्या शहरांत गेलेली, जावळी-पाटणचे बाप मुंबईत माथाडी, अपशिंग्यासारख्या गावांत घरटी कुणीतरी सैन्यात, जतकडचे ऊसतोडीला. मूल आज्जीजवळ. अशा घरातला रात्रीचा फोन ऐकावा. ‘कसा हाईस?’ ‘बरा हाय.’ ‘अभ्यास?’ ‘चाललाय.’ ‘आज्जीला दे.’ संपलं. बापाला वाटतं, पोराला माझी किंमत नाही, पैशापुरता मी. पोराला वाटतं, याला मार्कांपलीकडे माझं काही नको. दोघांच्या वहीत हाच मजकूर वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेला असेल, पण एकाची वही दुसऱ्याने कधी पाहिलेली नसते. इथे एकट्या पोराचे विचार तपासून भागत नाही. त्या फोनचं काम करावं लागतं: वेळ ठरलेली, चुकणार असेल तर आधी कळवलेली, सुरुवातीची पाच मिनिटं अभ्यास हा विषय वर्ज्य, आणि ‘तुझ्या त्या भांडणाचं पुढं काय झालं?’ असा मागच्या फोनला धरून प्रश्न. दूर असणं हा गुन्हा नाही. मूल अंतरापेक्षा बेभरवशाने जास्त विस्कटतं. बाप वर्षातून दोनदाच येणार असेल, पण सांगितलेल्या दिवशी येत असेल, तर मुलाच्या मनाला त्याचा हिशोब लावता येतो.

‘म्हणजे शेवटी खापर आईबापांवरच,’ असं कुणी म्हणेल. तसं नाही. अनुबंधाचं शास्त्र नीट वापरलं तर ते आरोपपत्र मांडत नाही, उद्या संध्याकाळी काय वेगळं करायचं ते सांगतं. आणि फार काही करायचं नसतं. मुलांच्या अनुबंधावर झालेल्या ७० अभ्यासांचा २००३ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात लांबलचक, आईबापांचं बालपण उकरणाऱ्या उपचारांपेक्षा थोड्या बैठकींचे, ‘मूल काय सांगतंय ते ओळखा आणि लगेच प्रतिसाद द्या’ एवढ्याच गोष्टीवर बोट ठेवणारे उपचार सरस ठरले. मात्र मोठ्या मुलांच्या बाबतीत दावे सावधपणे घ्यावेत. आत्महत्येचे विचार असलेल्या किशोरवयीनांसाठी अनुबंधावर आधारित कौटुंबिक उपचारांनी सुरुवातीच्या चाचणीत चांगली आशा दाखवली होती. २०१९ मध्ये १२९ मुलांवरच्या चाचणीत मात्र त्यांची तुलना पालकांनाही सामील करून घेणाऱ्या साध्या आधारपर समुपदेशनाशी केली गेली, तेव्हा दोन्हींनी जवळपास सारखाच फायदा झाला. माझ्या मते यात निराश होण्यासारखं काही नाही. पद्धतीचं नाव कोणतं यापेक्षा ऐकून घेणारं माणूस आणि सोबत आलेलं घर यांचं वजन जास्त, असाही त्याचा अर्थ निघतो. एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. अनुबंधाच्या नावाखाली मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणं, दाबणं असले प्रकार परदेशात झाले, २००० मध्ये अमेरिकेत त्यात एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. मुलावर बळ वापरणारा कुणीही असो, पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तिथून मुलाला उठवून बाहेर आणावं. हेच अंगातलं काढून देतो म्हणणाऱ्यालाही लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण वेगळी द्यायला नको.

जायचं कुणाकडे? मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर झालेला डॉक्टर. औषध तोच देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. समुपदेशक ही पाटी मात्र आजवर कुणीही लावत आला आहे, म्हणून शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारावं. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं, कराडचं कृष्णा रुग्णालय इथून सुरुवात करता येते. व्यसनाचा प्रश्न असेल तर साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था आहे. भावनिक प्रथमोपचार देणारे ‘मानसमित्र’ घडवण्याचं तिचं कामही गोव्यातल्या प्रयोगाच्याच जातकुळीतलं. कुठेच जाणं जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, मराठीत, दिवसरात्र. पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा: साधारण किती बैठकी लागतील, घरी करायचं काम काय असेल, आणि फरक पडतोय हे कशावरून ठरवायचं. ‘बघू, वेळ लागेल’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा दरवाजा शोधा. गोळ्या आणि बोलणं यांत भांडण लावू नका. नैराश्य तीव्र असेल तर अनेकदा दोन्ही लागतात. भास होणं, टोकाचा संशय, रात्र रात्र झोप न येता वारेमाप उत्साह असं काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ, वही नंतर.

सोबत जाणाऱ्याचं काम काय? पहिलं, पेशंटची तक्रार मांडण्याचं कंत्राट न घेणं. समुपदेशक दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र बोलेल. पेशंट एकटा काय बोलला ते घरी येऊन उकरून काढायचं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. दुसरं, आठवड्याची कृती कोणती ठरली ते माहीत करून घेणं आणि तिच्या वाटेतून बाजूला होणं. सव्वासहाला तो उठला तर टोमणा नाही, टाळ्याही नाहीत. ‘चहा ठेवू का?’ पुरे. तिसरं, भीतीला नकळत खतपाणी न घालणं. एसटीत गुदमरतं म्हणणाऱ्या सुनेला दर वेळी गाडीवरून सोडलं की तिची सुटका होते आणि भीती पक्की होते. दोन थांब्यांपर्यंत तिच्यासोबत एसटीने जाणं हे प्रेमाचं कामच आहे, फक्त अवघड. कोण सोबत जाणार हे पेशंटने ठरवावं. कर्ता माणूसच हवा असा नियम नाही, मावसबहीण चालेल, तालमीतला मित्रही चालेल.

आणि घरच त्रासाचं मूळ असेल तर? मारहाण, लैंगिक छळ, सतत धमक्या असतील तर कुटुंबाची एकत्र बैठक घेऊ नये, घेणाऱ्यालाही ठामपणे नकार द्यावा. तिथे बोललेला शब्द घरी गेल्यावर महागात पडतो. अशा वेळी आधी सुरक्षितता: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने मुलीच्या लग्नापर्यंत उपचार लपवणारी किंवा पुढे ढकलणारी घरंही पुष्कळ. त्यांना एवढंच म्हणावंसं वाटतं की वेळेत घेतलेल्या आठ बैठकी गुपचूप पार पडतात, चिघळलेलं दुखणं मात्र गावभर होतं.

मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलं आहेस का?’ असं सरळ विचारलं तर विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं तणनाशक आणि कीटकनाशक त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलुपात ठेवायचं, आणि बैठकीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

बाकीच्यांनी प्रगती मोजत राहावी. दवाखान्यात नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात, गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह, स्वतःबद्दलचं वाईट वाटणं यांवर प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की दखल घ्यायची. पहिल्या भेटीत ती भरून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा. सहाव्या बैठकीपर्यंत आकडा हललाच नाही, तर तिघांनी, म्हणजे उपचार देणारा, घेणारा आणि सोबत येणारा यांनी, मिळून बसायचं: वहीतली कामं घरी होतात का, होत नसतील तर कुठे अडतं, औषध लागेल का, दुसऱ्याकडे पाठवायचं का.